शिंगप्रवाळातले पडदे: क्रम कसा शोधावा, नावे कशी द्यावीत

शिंगाच्या आकाराचा जीवाश्म प्रवाळ हाती आला आणि त्याच्या रुंद टोकाची वाटी नीट धुतली, की कडेपासून मध्याकडे निघालेले उभे पडदे दिसू लागतात. बहुतेक जण लगेच ते मोजायला बसतात. मोजावेत जरूर, पण त्या आकड्याने फारसे काही हाती लागत नाही. एकाच जातीच्या लहान नमुन्यात वीस पडदे असतात, मोठ्यात चाळीस. प्रवाळ कोणत्या गटातला, त्याचे नातेवाईक कोण, याचे उत्तर पडदे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या जागी उगवले यात असते. पूर्ण वाढलेल्या वाटीत तो क्रम बराचसा झाकला गेलेला असतो. तो बाहेरून कसा वाचायचा, आत शिरून कसा पडताळायचा आणि मग कोणत्या पडद्याला कोणते नाव द्यायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि हौसेने जीवाश्म जमवणाऱ्यांना तो उपयोगी पडावा.

हा लेख मुख्यतः रुगोसा गटाबद्दल आहे. मिल्न-एडवर्ड्स आणि हेम या फ्रेंच अभ्यासकांनी १८५० मध्ये हे नाव दिले. हे प्रवाळ ऑर्डोव्हिशियन काळात आले आणि पर्मियन काळाच्या शेवटी, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात, संपले. महाराष्ट्रात ते शोधायला जाऊ नका. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. हे प्रवाळ त्याच्या कितीतरी आधी नाहीसे झाले होते. भारतात पुराजीव महाकल्पातले प्रवाळ हिमालयात भेटतात. हिमाचलमधील स्पितीचे ऑर्डोव्हिशियन आणि सिल्युरियन थर त्यासाठी ओळखले जातात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र ते सहज दिसतील. सिनसिनाटीच्या आसपासच्या ऑर्डोव्हिशियन थरांत ग्रुइंगकिया, न्यूयॉर्क राज्याच्या डेव्होनियन थरांत हेलिओफायलम, मिशिगनच्या किनाऱ्यावर ज्याला पेटोस्की दगड म्हणतात तो हेक्झागोनारिया, हे सगळे याच गटातले.

आधी सांगाड्याचे भाग ओळखून घेऊ. वाटीत मऊ शरीराचा पॉलिप बसलेला असे. त्याच्या तळाच्या त्वचेतून कॅल्शियम कार्बोनेट स्रवून खाली सांगाडा तयार होई. पॉलिप वर सरकला की मागे राहिलेल्या पोकळीला तो आडवी तबकडी घालून बंद करी. या तबकड्यांना टॅब्युला म्हणतात. कडेच्या बाजूला पडद्यांच्या मधल्या जागेत लहान, फुगीर, एकावर एक चढलेले पापुद्रे असतात, ते डिसेपिमेंट. सर्वांत बाहेरचे आवरण म्हणजे एपिथीका. काही प्रजातींत मधोमध खांब असतो किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी अक्षीय रचना असते. आणि कडेपासून आत येणारे उभे पडदे म्हणजे सेप्टा. हे सगळे कॅल्साइटचे. जिवंत ऊती फक्त वरच्या वाटीत असल्याने खालचा सांगाडा एकदा बनला की बहुतांशी तसाच राहतो. शिंगाच्या बारीक टोकाशी त्या प्राण्याचे बालपण असते आणि वाटीच्या काठाशी म्हातारपण. एकाच नमुन्यात संपूर्ण आयुष्याचा क्रम हाती लागावा, अशी सोय जीवाश्मांत फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणूनच प्रवाळांचा अभ्यास मला इतका मोलाचा वाटतो.

आता एक कागद आणि पेन्सिल घ्या. पुढचे वर्णन नुसते वाचून डोक्यात बसत नाही, काढून पाहिले की दोन मिनिटांत बसते.

एक वर्तुळ काढा आणि त्याचा उभा व्यास आखा. हा पहिला पडदा. बाल्यावस्थेत तो आरपार असतो, पुढे बहुधा मध्ये तुटून त्याचे दोन होतात. खालचा तो कार्डिनल, वरचा तो काउंटर. त्यानंतर कार्डिनलच्या दोन्ही अंगांना एकेक पडदा येतो. हे दोन ॲलार. मग काउंटरला खेटून दोन्ही बाजूंना एकेक येतो, ते काउंटर-लॅटरल. इथे सहा पडदे पूर्ण झाले. यांना आद्य पडदे म्हणू. वर्तुळाचे आता सहा कप्पे झाले आहेत: कार्डिनल आणि ॲलार यांच्यामधले दोन, ॲलार आणि काउंटर-लॅटरल यांच्यामधले दोन, आणि काउंटर-लॅटरल व काउंटर यांच्यामधले दोन.

रुगोसांचे खरे वैशिष्ट्य इथून पुढे सुरू होते. शेवटच्या दोन कप्प्यांत, म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना, यापुढे एकही मुख्य पडदा उगवत नाही. उरलेल्या चार कप्प्यांतच नवे पडदे येतात आणि तेही ठरलेल्या जागी. कार्डिनलकडच्या दोन कप्प्यांत प्रत्येक नवा पडदा कार्डिनलला लागून जन्मतो आणि आधीच्याला ॲलारकडे सरकवतो. काउंटरकडच्या दोन कप्प्यांत प्रत्येक नवा पडदा ॲलारला लागून येतो आणि आधीच्याला काउंटरकडे सरकवतो. म्हणजे पहिल्या जोडीच्या कप्प्यांत सर्वांत तरुण पडदा नेहमी कार्डिनलच्या शेजारी सापडेल, दुसऱ्या जोडीत ॲलारच्या शेजारी. कागदावर अशा चार-चार रेषा क्रमांक घालून काढा. तरुण म्हणजे आखूड हेही लक्षात ठेवून रेषांची लांबी कमीजास्त ठेवा. चित्र पूर्ण झाले की दिसेल, की या वर्तुळाची डावी-उजवी बाजू एकमेकींसारखी आहे, पण वरची आणि खालची नाही. चाकाच्या आऱ्यांसारखी चौफेर समानता रुगोसांत वरवर दिसते, ती मोठेपणी आलेली असते. मूळ रचना द्विपार्श्व आहे.

आल्बर्ट कुंट या जर्मन अभ्यासकाने हा क्रम १८६९ मध्ये मांडला आणि त्याला कुंटचा नियम म्हणतात. नवे पडदे चार ठिकाणीच येतात म्हणून या गटाला दीर्घकाळ चतुष्प्रवाळ, टेट्राकोराला, म्हटले गेले. आरंभ चारच पडद्यांनी होतो असाही समज होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स ड्युअर्डन यांनी लोफोफायलम या प्रवाळाची टोके थोडी थोडी घासत नेऊन प्रत्येक पातळी पाहिली आणि आद्य पडदे सहा असल्याचे दाखवले. काउंटर-लॅटरल जोडीला आद्य मानावे की नंतरची, यावर पुढेही वाद झाले. तुम्ही वहीत कोणती बाजू घेतली आहे ते एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे तुमचे आकडे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही.

मुख्य पडद्यांच्या मधल्या प्रत्येक जागेत पुढे एकेक आखूड पडदा येतो. हे गौण पडदे. काउंटर आणि काउंटर-लॅटरल यांच्यामध्येही गौण पडदा असतो, मुख्य मात्र नसतो. काही प्रजातींत गौण पडदे इतके खुजे असतात की ते भिंतीतच दडलेले राहतात. मोजणी करताना मुख्य आणि गौण वेगळे मोजा. दोन्ही मिळून एकच आकडा लिहिलेली वही मला कुठल्याच कामाची वाटत नाही.

नमुना कापण्याआधी बाहेरची बाजू वाचायची असते. ही पायरी फार लोक गाळतात आणि ते नुकसानीचे आहे, कारण शिंगाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पूर्ण क्रम लिहिलेला असू शकतो आणि त्यासाठी खर्च शून्य आहे. मऊ ब्रशने आणि पाण्याने नमुना स्वच्छ करा. खोलीतला मुख्य दिवा बंद करून टॉर्च एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक खाचा उठून दिसतील. रुगोसांत सहसा बाहेरच्या खाचेच्या नेमके आत पडदा असतो, आणि दोन खाचांमधला उंचवटा म्हणजे दोन पडद्यांमधली जागा. आता नमुना बोटांत हळूहळू फिरवत तीन प्रकारच्या जागा शोधा. एका रेषेवर दोन्ही बाजूंच्या खाचा तिरक्या येऊन मिळतात, पिसाच्या मधल्या दांडीला दोन्हीकडून तंतू मिळावेत तशा. ती कार्डिनल रेषा. दोन रेषा अशा सापडतील की त्यांना एकाच बाजूने खाचा तिरक्या मिळतात आणि दुसऱ्या बाजूच्या खाचा समांतर जातात. त्या ॲलार. आणि जिथे दोन्ही बाजूंच्या खाचा टोकापासून काठापर्यंत समांतरच जातात, ती काउंटर. मघाचे कागदावरचे चित्र समोर ठेवलेत तर असे का होते ते लगेच कळेल: नवे पडदे जिथे जन्मतात तिथेच खाचा तिरक्या फुटतात.

या खाचा झिजलेल्या असतील तर दुसरी खूण म्हणजे शिंगाचा बाक. पुष्कळ एकाकी रुगोसांत कार्डिनल पडदा बाहेर फुगलेल्या बाजूला असतो. पुष्कळांत म्हटले, सगळ्यांत नाही. काही प्रजातींत तो आतल्या बाजूला असतो. त्यामुळे बाकावरून अंदाज बांधावा, निर्णय देऊ नये.

बाहेरची बाजू पाहताना आडव्या रेषाही नजरेत येतील. एपिथीकेवर अतिशय बारीक, दाट वाढरेषा असतात आणि काही अंतराने ठळक वळ्या. जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन प्रवाळांच्या अशा रेषा मोजल्या. एका वर्षाच्या वाढीत त्यांना सुमारे ४०० रेषा मिळाल्या. पृथ्वीचा वेग भरती-ओहोटीच्या घर्षणाने मंदावत आला आहे, म्हणून तेव्हाच्या वर्षात दिवस जास्त होते, हे खगोलशास्त्राचे गणित त्या आकड्याशी जुळले. एवढ्याशा शिंगावर पृथ्वीच्या फिरण्याची नोंद असावी, हे किती विलक्षण आहे! पडद्यांच्या कामासाठी या रेषांचा उपयोग वेगळा आहे: त्या शाबूत असतील तर नमुना फारसा झिजलेला नाही आणि खाचांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग वाटीकडे वळा. आतला गाळ लाकडी काडीने आणि पाण्याने हळूहळू काढा. धातूची सुई लावली तर पडद्यांच्या कडा तुटतात. १० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले तर बऱ्याच प्रजातींत एका बाजूला ठळक खळगा दिसतो. त्याला फॉस्युला म्हणतात. तिथे तबकड्या खाली दबलेल्या असतात आणि बहुधा कार्डिनल पडदा शेजाऱ्यांपेक्षा आखूड राहिलेला असतो. एकच ठळक फॉस्युला असेल तर तो कार्डिनलचा असण्याची शक्यता मोठी. दोन्ही अंगांना ॲलारजवळही मोकळ्या जागा दिसू शकतात, पण त्या नवे पडदे उशिरा आणि आखूड राहिल्याने पडलेल्या फटी असतात. त्यांना छद्म-फॉस्युला म्हणतात. गाळाच्या दाबाने वाटी चेपली तरी खोटा खळगा तयार होतो. तो ओळखायची खूण अशी की चेपलेल्या जागी पडदे मोडलेले किंवा वाकलेले दिसतात, खऱ्या फॉस्युलात ते शिस्तीने वळलेले असतात.

बाहेरून आणि वाटीतून निघालेला अंदाज पक्का करायचा तर छेद घ्यावे लागतात. छेद घेणे म्हणजे नमुना नष्ट करणे, हे विसरू नका. म्हणून आधी सर्व बाजूंनी मापपट्टीसह फोटो काढा, लांबी आणि वाटीचा व्यास व्हर्निअरने मोजा, शक्य असेल तर साचा घेऊन प्रतिकृती करा, आणि नमुना कुठल्या थरातून, कुठल्या ठिकाणाहून आला ते लिहा. बाजूने एक उभी सरळ रेषा टोकापासून काठापर्यंत टिकाऊ शाईने आखा. प्रत्येक छेदावर त्या रेषेची खूण दिसत राहिली पाहिजे. नाही तर दहा छेद झाल्यावर कोणती बाजू कुठली होती ते सांगता येत नाही.

ज्यांच्याकडे पातळ छेद बनवायचे यंत्र नाही त्यांनी ॲसिटेट पापुद्र्याची पद्धत वापरावी. नमुन्याची पातळी कार्बोरंडमच्या वाढत्या बारीक भुकटीने काचेवर घासून गुळगुळीत करा. साधारण ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद धरा, पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पृष्ठभागावर ॲसिटोन ओता आणि लगेच ॲसिटेटचा पातळ तुकडा एका कडेने अलगद टेकवत जा, मध्ये बुडबुडे राहू देऊ नका. वाळल्यावर तो सोलून काढला की पडद्यांची सूक्ष्म रचना त्यावर उमटलेली असते. मग पुन्हा थोडे घासा आणि पुढचा पापुद्रा घ्या. टोकाजवळ अंतर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी ठेवा, कारण आद्य पडद्यांचा सगळा खेळ पहिल्या काही मिलिमीटरांत उरकतो. वर सरकताना अंतर वाढवले तरी चालते. ॲसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नाही. काही ठिकाणच्या प्रवाळांत कॅल्साइटची जागा सिलिकाने घेतलेली असते. त्यावर हे आम्ल चालत नाही, आणि त्यासाठी लागणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल प्रयोगशाळेबाहेर कोणी हाताळू नये. ते जीवघेणे आहे.

आडव्या छेदांतून पडद्यांचा क्रम कळतो. तबकड्या आणि डिसेपिमेंट कशा रचल्या आहेत हे पाहायला किमान एक उभा छेद लागतो, आणि तो कार्डिनल-काउंटर पातळीतून गेला तर सर्वांत उत्तम. म्हणजे आधी कार्डिनल कुठे ते ठरवायचे आणि मगच उभा काप द्यायचा. घाईने मधोमध कापलेले नमुने संग्रहांत ढिगाने पडलेले असतात. त्यांतून टॅब्युलांचा आकार कळतो, पण फॉस्युलाशी त्यांचे नाते कळत नाही.

आता नावे देण्याकडे येऊ. आंतरराष्ट्रीय लेखनात रोमन अक्षरे वापरतात: कार्डिनलसाठी सी, काउंटरसाठी के, ॲलारसाठी ए, काउंटर-लॅटरलसाठी केएल. आकृतीत कार्डिनल खाली ठेवण्याची प्रथा रूढ आहे, ती पाळा. छेद वाटीच्या बाजूने पाहिला आहे की टोकाच्या बाजूने, हे प्रत्येक आकृतीखाली लिहा. पापुद्रा काचपट्टीवर उलटा चिकटला तर डावे-उजवे बदलते, आणि दोन बाजूंच्या कप्प्यांतली संख्या वेगळी असेल तर चूक थेट वर्णनात जाते. प्रत्येक पातळीसाठी त्या ठिकाणचा व्यास, मुख्य पडद्यांची संख्या आणि चारही कप्प्यांतली वेगवेगळी संख्या लिहा. काउंटरकडचे कप्पे पडद्यांच्या संख्येत पुढे असलेले पुष्कळदा आढळते. तुमच्या नमुन्यात तसे दिसले तर मोजणी चुकली असे समजू नका, उलट ते लक्षण म्हणून नोंदवा. व्यास आणि संख्या यांचा आलेख काढला तर एका ठिकाणच्या नमुन्यांत एक जात आहे की दोन, याचाही सुगावा लागतो.

वाढीच्या अवस्थांनाही नावे आहेत. आद्य पडद्यांची ती ब्रेफिक, त्यानंतरची वाढती अवस्था नीआनिक, प्रौढ ती एफीबिक. ही नावे वापरताना सोबत व्यास आणि टोकापासूनचे अंतर द्यावे. नुसते नाव पोकळ राहते. आणि नमुन्याचे टोक तुटलेले असेल, जे फार वेळा असते, तर आद्य पडद्यांविषयी काहीही ठामपणे लिहू नका. बाहेरच्या खाचा आणि फॉस्युला यांवरून कार्डिनल ठरवला असेल तर तसे लिहा. दोन्ही खुणा नसतील तर अक्षरापुढे प्रश्नचिन्ह द्या. प्रश्नचिन्ह दिलेली आकृती प्रामाणिक असते आणि पुढच्या माणसाच्या कामी येते.

वाढीचा क्रम पाहण्याची एवढी खटपट कशासाठी, याचे उत्तम उदाहरण कॅरूथर्स यांचे १९१० मधले काम आहे. स्कॉटलंडच्या पूर्व कार्बोनिफेरस थरांतून त्यांनी झाफ्रेंटिस डेलानोई आणि त्याच्या नातेवाईकांचे नमुने थरवार जमवले आणि त्यांचे छेद घेतले. खालच्या थरांतल्या रूपांत फॉस्युला आतल्या टोकाला रुंद होता. वर येता येता त्याच्या कडा समांतर झाल्या, मग तो आत निमुळता झाला, आणि शेवटी पडदेच मध्यापासून मागे सरले. वरच्या थरांतल्या रूपांची बाल्यावस्था पाहिली तर तीत खालच्या रूपांच्या प्रौढपणाची लक्षणे दिसत. नुसत्या वाट्या पाहिल्या असत्या तर या चार वेगळ्या जाती, एवढेच हाती आले असते. नावांचा गोंधळ निवारण्याचे मोठे काम पुढे डोरोथी हिल या ऑस्ट्रेलियन विदुषीने केले. रुगोसांच्या संज्ञांवरचा त्यांचा १९३५ चा लेख आणि रुगोसा व टॅब्युलाटा यांवरचा १९८१ चा ग्रंथ आजही मेजावर ठेवावा असा आहे. नवी संज्ञा स्वतः घडवण्याआधी तो उघडून पाहा.

काही फसव्या जागा सांगतो. काही प्रवाळांत पडद्यांवर नंतर कॅल्साइटचा जाड थर चढतो आणि पडदे एकमेकांना चिकटतात. अशा वेळी पडद्याच्या मधली गडद रेषा मोजा, जाडी नाही. पुनर्स्फटिकीकरण झालेल्या नमुन्यात ही रेषाही पुसली जाते, तो नमुना सोडून दुसरा घ्यावा. वसाहती प्रवाळांत, उदाहरणार्थ हेक्झागोनारियात, नवा प्रवाळक आधीच्यातून फुटतो आणि त्याचे काही पडदे वारशानेच आलेले असतात. त्यात आद्य पडद्यांचा क्रम शोधणे व्यर्थ आहे. हेलिओफायलमच्या पडद्यांना कडेने आडवे दांडे असतात, त्यांना कॅरिना म्हणतात. नवखा डोळा त्यांनाच गौण पडदे समजतो. फाव्होसाइटिस आणि हॅलिसाइटिस हे टॅब्युलाटा गटातले. त्यांत तबकड्या ठळक, पडदे मात्र नाहीत किंवा काट्यांच्या ओळी तेवढ्या असतात. त्यांना कार्डिनल-काउंटरची अक्षरे लावायचीच नसतात. फाव्होसाइटिसमध्ये भिंतींतली छिद्रे पाहा, त्यांची मांडणी कामाची.

भारतातल्या वाचकाच्या हाती बहुधा येईल तो स्क्लेरॅक्टिनिया गटाचा प्रवाळ. आजच्या समुद्रातले खडकाळ प्रवाळ याच गटाचे असून मध्य ट्रायासिक काळापासून त्यांचे जीवाश्म मिळतात. कच्छच्या जुरासिक थरांतल्या प्रवाळांवर जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी १९०० मध्ये लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांतले मॉन्टलिव्हाल्टियासारखे एकाकी प्रवाळ वरून पाहिले तर रुगोसांसारखेच वाटतात. क्रम मात्र निराळा. इथेही आरंभ सहा आद्य पडद्यांनी होतो, पण नंतरचे पडदे सहाही कप्प्यांत उगवतात आणि फेऱ्यांनी येतात: ६, मग ६, मग १२, मग २४. चार फेऱ्या पूर्ण झाल्या की ४८. त्यामुळे त्यांना जागेची अक्षरे न देता फेरीचे क्रमांक देतात, एस-१, एस-२, एस-३. सामान्यतः पहिल्या फेरीचे पडदे सर्वांत लांब असतात, पण डेन्ड्रोफायलिया कुलात वरच्या फेरीचे पडदे आत वाकून एकमेकांना मिळतात, त्याला पुर्ताले रचना म्हणतात. तिथे लांबीवरून फेरी ठरवली की हमखास चुकते. आणखी एक अडचण: यांचा सांगाडा अरॅगोनाइटचा असतो आणि जीवाश्म होताना तो बहुधा विरघळतो किंवा कॅल्साइटमध्ये बदलतो. म्हणून कच्छच्या नमुन्यांत पडद्यांची आतली रचना शाबूत मिळाली तर तो नमुना जपून ठेवा.

क्रमाला किती वजन आहे ते स्कॉटलंडमधल्या किल्बुकोफायलियावरून कळते. स्क्रटन आणि क्लार्कसन यांनी १९९१ मध्ये हा प्रवाळ वर्णिला. थर ऑर्डोव्हिशियन, म्हणजे अपेक्षा रुगोसाची. पण पडदे फेऱ्यांनी, स्क्लेरॅक्टिनियांसारखे उगवलेले. तसे प्रवाळ पुढे कित्येक कोटी वर्षांनी मुबलक होणार होते. थराच्या वयावरून नाव ठरवले असते तर हा शोध हुकला असता.

तुलनेसाठी आजचा प्रवाळ हवा, असे वाटेल. मालवण, ग्रांदे बेट किंवा लक्षद्वीपहून तुकडा उचलून आणू नका. मेलेला, किनाऱ्यावर लागलेला असला तरी नाही. भारतातल्या खडकाळ प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. महाविद्यालयाच्या किंवा संग्रहालयाच्या संग्रहातले जुने नमुने पाहायला मागा. दागिन्यातल्या पोवळ्याचाही इथे उपयोग नाही, तो वेगळ्याच गटाचा प्राणी असून त्याच्या सांगाड्यात असे पडदे नसतात. परदेशात गोळा करताना तिथले नियम आधी पाहा. ओहायो नदीवरच्या फॉल्स ऑफ द ओहायो येथे जीवाश्म उचलायला बंदी आहे, आणि मिशिगनच्या सरकारी जमिनीवरून वर्षाला २५ पौंडांपर्यंतच दगड नेता येतात.

टोक शाबूत असलेला एक चांगला नमुना निवडा आणि त्याच्यावरच पूर्ण काम करा. त्याचे सगळे पापुद्रे, फोटो, उरलेला तुकडा आणि वही एकाच खोक्यात, एकाच क्रमांकाखाली ठेवा. काम झाले की तो संच जवळच्या भूशास्त्र विभागाला किंवा संग्रहालयाला द्या आणि नोंदणी क्रमांक घ्या. कपाटात राहिलेला नमुना दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही, आणि जो तपासता येत नाही त्याच्या आधारे शोधनिबंधात काही लिहिता येत नाही.